एकट्याने उभारायचा तंबू

बालवीरांची राहुटी उभारताना तुम्ही पाहिली असेल. एकजण पुढची काठी धरतो, दुसरा मागची आणि तिसरा खुंट्या ठोकतो. असे का? काठी नुसती टेकलेली असते. दोन्ही बाजूंच्या दोरांचा ताण सारखा झाला, म्हणजेच ती उभी राहते. तोवर कुणीतरी ती धरायलाच हवी.

मग आई किंवा वडील एकटेच मुलांना घेऊन निघाले आणि मुक्कामावर आभाळ भरून आले, तर? अशा वेळी घुमटाकार तंबू बरा. त्यात फायबरग्लासच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दोन लवचिक काठ्या एकमेकींवरून आडव्या नेऊन वाकवतात व त्यांची टोके तळाच्या चार कोपऱ्यांत अडकवतात. वाकलेली काठी सरळ होऊ पाहते, पण तळाचे कापड तिची टोके ओढून धरते. धनुष्य आणि त्याची दोरी यांचेच हे नाते! बलांचा समतोल साधला, की तंबू खुंट्यांवाचून उभा राहतो.

कुटुंबाचा तंबू मोठा, म्हणून काठ्याही लांब. एक टोक बसवताना दुसरे निसटले, तर एकटा माणूस हैराण होतो. म्हणून तंबू घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : टोके पक्की अडकतात ना? काठी कापडाच्या लांब नळीत सरकवण्याऐवजी कापडच आकड्यांनी काठीला टांगता येते ना? माथ्याला हात पोचतो ना?

खुंट्या मात्र विसरू नका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. रिकामा घुमट तेव्हा सहज उडून जाईल. म्हणून वारा असल्यास आधी वाऱ्याकडच्या दोन खुंट्या ठोकाव्यात आणि मगच काठ्या वाकवाव्यात.