चार मुली समुद्रात गेल्या, मग मुलगाही गेला: स्पॅफर्ड दांपत्याला श्रद्धेनं नेमका काय आधार दिला?

'इट इज वेल विथ माय सोल' हे इंग्रजी ख्रिस्ती गीत जगभरातल्या चर्चमध्ये, विशेषतः अंत्यविधींच्या वेळी गायलं जातं. त्यामागची गोष्ट रील्स आणि फॉरवर्ड्समधूनही फिरते. एका माणसाच्या चार मुली जहाज बुडून मेल्या, पुढे तो त्याच जागेवरून जात असताना त्याला हे गीत सुचलं आणि त्याच्या जिवाला शांती मिळाली, अशी ती गोष्ट.

यातला बराच भाग खरा आहे. पण फॉरवर्ड जिथे संपतो, तिथून पुढे बरंच काही घडलं. गीत छापून आल्यावर चार वर्षांनी या घरातलं आणखी एक मूल गेलं. तेव्हा ओळखीच्या ख्रिस्ती लोकांमधूनच कुजबुज सुरू झाली, 'यांच्या हातून असं कोणतं पाप घडलं असेल?'

मूल गमावलेल्या आईवडिलांना श्रद्धा आधार कसा देते आणि त्याच श्रद्धेच्या नावानं त्यांना दुखावलं कसं जातं, हे दोन्ही या कुटुंबाच्या आयुष्यात दिसतं.

१८७३ साली काय घडलं?

होरॅशिओ स्पॅफर्ड हे शिकागोतले वकील. त्यांच्या पत्नी अ‍ॅना मूळच्या नॉर्वेच्या. १८७१ च्या शिकागोतल्या प्रचंड आगीत स्पॅफर्ड यांच्या मालमत्तेचं मोठं नुकसान झालं. दोन वर्षांनी कुटुंबानं युरोपला जायचं ठरवलं. ऐनवेळी कामासाठी होरॅशिओ मागे थांबले आणि अ‍ॅना चार मुलींना घेऊन 'व्हिल द्यू हाव्र' या जहाजानं निघाल्या.

२२ नोव्हेंबर १८७३ च्या पहाटे अटलांटिक महासागरात हे जहाज 'लॉक अर्न' या दुसऱ्या जहाजाला धडकलं आणि साधारण १२ मिनिटांत बुडालं. २२६ जणांचा मृत्यू झाला. अ‍ॅनी, मॅगी, बेसी आणि धाकटी टॅनेटा या चौघी बहिणी त्यात होत्या. अ‍ॅना मात्र वाचल्या. वेल्समधल्या कार्डिफ बंदरातून त्यांनी पतीला तार केली. 'एकटीच वाचले' हा तिचा अर्थ. ही तार आजही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलेली आहे.

गीत खरंच जहाजावर लिहिलं का?

याबद्दल दोन माहिती मिळतात. तार मिळताच होरॅशिओ पत्नीला आणायला निघाले आणि अपघाताच्या जागेजवळून जाताना गीत लिहिलं, असं त्यांची नंतर जन्मलेली मुलगी बर्था हिनं आठवणींत सांगितलं आहे. तर १८७६ मध्ये आपण स्पॅफर्ड यांच्या घरी पाहुणा असताना त्यांनी ते लिहिलं, असं त्या काळचे प्रसिद्ध गायक आयरा सँकी यांनी नोंदवलं आहे.

सँकी यांचं म्हणणं धरलं, तर मुली गेल्यावर ते शब्द कागदावर यायला जवळपास तीन वर्षं लागली. फिलिप ब्लिस यांनी गीताला चाल दिली आणि तिला नाव दिलं त्या बुडालेल्या जहाजाचं. १८७६ मध्ये गीत छापलं गेलं.

दुसरा आघात आणि 'पापाचं फळ'

अपघातानंतर या दांपत्याला तीन मुलं झाली. त्यातला मुलगा होरॅशिओ १८८० मध्ये स्कार्लेट फिव्हरनं गेला. तो अवघा चार वर्षांचा होता.

दुःख आणि आजारपण ही पापाची शिक्षा असते, असं त्या काळी अनेक ख्रिस्ती लोक मानत. बर्था यांच्या आठवणींनुसार, आईवडिलांकडे लोक याच नजरेनं पाहू लागले. दुसरीकडे, पापी माणसाला देव अनंतकाळ नरकात ठेवतो ही शिकवण होरॅशिओ यांना पटेनाशी झाली होती. मतभेद वाढले आणि स्पॅफर्ड दांपत्य आपल्या चर्चपासून तुटलं. श्रद्धा मात्र त्यांनी सोडली नाही.

बायबल काय सांगतं?

'हे तुझ्याच पापाचं फळ' हा युक्तिवाद बायबलमध्येही येतो. जुन्या करारात इयोब नावाच्या माणसाची दहाही मुलं एका दिवसात मरतात. त्याचे मित्र येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. मग ते बोलू लागतात आणि दोष इयोबाचाच असणार, असं त्याला ऐकवतात. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. देवाला थेट जाब विचारणाऱ्या इयोबाला मात्र तो जवळ करतो. इयोबाला पुढे पुन्हा दहा मुलं होतात. पण गेलेली परत आली, असं कुठेही लिहिलेलं नाही.

रडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं, असंही बायबल म्हणत नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवाकडे केलेली तक्रारच आहे. मित्र लाजराच्या मृत्यूनंतर येशू स्वतः रडल्याचा उल्लेख योहानाच्या शुभवर्तमानात आहे. मूल गमावलेल्या ख्रिस्ती आईवडिलांना आणखी एक गोष्ट जवळची वाटते. त्यांच्या श्रद्धेनुसार, ज्या देवाकडे ते रडतात, त्यानं स्वतःच्या पुत्राला वधस्तंभावर मरताना पाहिलं आहे.

तिसरा आधार पुन्हा भेटण्याच्या आशेचा. बाळ गेल्यावर दावीद राजा म्हणतो की ते माझ्याकडे परत येणार नाही, पण मी त्याच्याकडे जाईन. पुनरुत्थानावर विश्वास असणारे ख्रिस्ती पालक या प्रसंगाकडे त्याच आशेनं पाहतात.

जेरुसलेममध्ये काय झालं?

१८८१ मध्ये स्पॅफर्ड दांपत्य दोन लहान मुली आणि काही सोबत्यांसह जेरुसलेमला गेलं. तिथे उभ्या राहिलेल्या त्यांच्या वसाहतीला 'अमेरिकन कॉलनी' म्हणतात. १८८८ मध्ये होरॅशिओ वारले. त्यानंतर नेतृत्व अ‍ॅना यांच्याकडे आलं.

ही वसाहत वादातीत नव्हती. तिथे अनेक वर्षं लग्नांना बंदी होती आणि अ‍ॅना यांच्या शब्दाला फार वजन होतं. त्यावर टीकाही झाली. पण पहिल्या महायुद्धात शहरात उपासमार असताना याच लोकांनी अन्नछत्र चालवलं, जखमींची शुश्रूषा केली. मुस्लिम, ज्यू, ख्रिस्ती असा भेद ठेवला नाही.

१९२३ मध्ये अ‍ॅना यांचं निधन झालं. दोन वर्षांनी नाताळच्या आदल्या संध्याकाळी बर्था यांना एक आजारी बाई, तिचा नवरा आणि तान्हं बाळ भेटलं. बाई त्याच रात्री गेली. बापानं बाळ बर्था यांच्या हाती सोपवलं. त्यातून बालगृह सुरू झालं आणि त्याला अ‍ॅना यांचं नाव दिलं गेलं. 'स्पॅफर्ड चिल्ड्रन्स सेंटर' या नावानं ती संस्था आजही जुन्या जेरुसलेममध्ये मुलांसाठी काम करते.

मग दिलासा कुठून आला?

एका रात्रीत आणि एका गीतातून तो आला, असं ही हकिगत सांगत नाही. रडायची मोकळीक, पुन्हा भेटीची आशा, सोबतीची माणसं आणि दुसऱ्यांच्या मुलांसाठी करण्यासारखं काम, यांतून तो वर्षानुवर्षं थोडाथोडा मिळत गेला. 'मुलं का गेली?' याचं उत्तर त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं असं गीतातही म्हटलेलं नाही.

म्हणूनच मूल गमावलेल्या कुणाच्या पोस्टखाली 'देवाची मर्जी' किंवा 'यातही काहीतरी चांगलं असेल' असं लिहिण्याआधी इयोबाचे मित्र आठवावेत. पहिले सात दिवस ते गप्प राहून शेजारी बसले होते. त्यांनी केलेली खरी मदत तेवढीच होती.