शेतकऱ्यानें छायाचित्र कसें घ्यावें?

नांगर, पाभर, कोळपें ह्यांच्या जोडीस आतां आणखी एक अवजार शेतकऱ्याच्या हातीं आलें आहे; तें म्हणजे खिशांतील मोबाईलचा कॅमेरा. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि आपल्या शेतांतील पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करण्याचा मार्ग खातेदारास मोकळा झाला. पूर्वीं जें तलाठ्याच्या लेखणीवर अवलंबून असे, तें आतां बऱ्याच अंशीं शेतकऱ्याच्या बोटावर अवलंबून आहे. असें असतां छायाचित्र घेण्याची विद्या मात्र त्यास फारशी कोणी शिकविलेली नाहीं. म्हणून तिचीं मूलतत्त्वें आमच्या अल्प समजुतीप्रमाणें येथें मांडीत आहों.

महसूल कचेरींत लेखनिकाचें काम करीत असतां नुकसानीच्या अर्जांस जोडलेलीं पुष्कळ छायाचित्रें आमच्या नजरेखालून गेलीं. एके वर्षीं गारपिटीनंतर एका शेतकऱ्यानें हरभऱ्याच्या नुकसानीचें छायाचित्र आणून दिलें. त्यांत चार मोडक्या फांद्या व खुद्द शेतकऱ्याची सावली एवढेंच दिसत होतें. शेत कोणाचें, किती क्षेत्र झोपलें, गारा कोणत्या दिवशीं पडल्या, ह्यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर त्यांत नव्हतें. पंचनाम्याच्या दिवशीं तो परगांवीं होता, आणि मागाहून त्यानें रान नांगरून टाकलें. त्यामुळें पुन्हा पाहण्यास कांहीं उरलें नव्हतें. नुकसान खरें होतें ह्याविषयीं आम्हांस तेव्हांही शंका नव्हती. तथापि 'पुरावा अपुरा' हा शेरा त्या अर्जावर आम्हींच लिहिला, व अर्ज तेथेंच राहिला. ती ओळ आमच्या हातची असल्यामुळें अद्याप विसरत नाहीं.

असो. कॅमेरा म्हणजे मुळांत एक अंधारी पेटी. अंधाऱ्या खोलीच्या दारास बारीक भोंक असलें म्हणजे समोरच्या भिंतीवर अंगणांतील झाड उलटें उमटलेलें दिसतें. तोच प्रकार ह्या पेटींत घडतो. भोंकाच्या जागीं भिंग बसविल्यानें प्रतिमा अधिक स्पष्ट व उजळ होते. ही प्रतिमा टिकविण्याची युक्ति प्रथम फ्रान्स देशांत साधली, व १८३९ सालीं दागेर ह्याची रीत जगास जाहीर झाली. आपल्याकडे मुंबईस १८५४ सालींच छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली होती. पूर्वीं प्रतिमा काचेवर किंवा फिल्मवर धरीत. आतां ती संवेदक नांवाच्या चकतीवर पडते, व तिचें रूपांतर आंकड्यांत होतें. १९७५ सालीं कोडक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्यानें असा जो कॅमेरा बनविला, त्याच्या चित्रांत अवघे १०,००० ठिपके होते; आजच्या बहुतेक मोबाईलांच्या चित्रांत ते कोटीच्या घरांत असतात. संवेदकावरील घरांवर तांबडी, हिरवी व निळी अशा गाळण्या बसविलेल्या असतात, व सामान्यतः त्यांपैकीं निम्म्या हिरव्या असतात, कारण मनुष्याचा डोळा हिरव्या उजेडास सर्वांत अधिक जाणतो.

प्रकाश किती घ्यावयाचा हें दोन गोष्टींवर ठरतें, व दारें धरणाऱ्यास तें सहज कळेल. वाफ्यांत पाणी किती जाईल, हें दारें किती रुंद फोडलें आणि किती वेळ उघडें ठेवलें ह्यावर असतें. तसेंच भिंगामागील छिद्र किती मोठें व झडप किती वेळ उघडी, ह्यावर चित्राचा उजेड अवलंबून असतो. तिसरी गोष्ट संवेदकाची संवेदनशीलता. तिचा आंकडा आय.एस.ओ. ह्या नांवानें दाखवितात. ती वाढविली तर थोड्या प्रकाशांतही चित्र उजळ येतें, परंतु त्यांत रवा दिसूं लागतो. बहुतेक मोबाईलांत छिद्र कायमचें एकाच मापाचें असतें, म्हणून उजेड कमी पडला कीं यंत्र झडप अधिक वेळ उघडी ठेवतें. तेवढ्यांत हात कांपला किंवा वाऱ्यानें पान हाललें, तर चित्र पुसट होतें. यास्तव फोन दोन्ही हातांनीं धरावा, कोपरें अंगास टेकवावीं, आणि हालतें पान दुसऱ्याकडून धरवावें.

आतां प्रत्यक्ष कृति. प्रथम भिंग मऊ, स्वच्छ फडक्यानें पुसावें. मातीचें बोट किंवा औषधाचा शिंतोडा लागला तर सर्व चित्र धुरकट येतें. वेळ सकाळची किंवा तिसऱ्या प्रहराची साधावी, सूर्य पाठीमागें एका खांद्याकडे ठेवावा, आणि आपली सावली पिकावर पडूं देऊं नये. भर दुपारींच घेणें भाग पडलें, तर झाडावर छत्री धरावी. पडद्यावर ज्या पानास बोट लावावें, त्याच्या अंतरावर व उजेडावर यंत्र आपली मांडणी करितें, म्हणून आकाशावर बोट न लावतां पिकावरच लावावें.

एकाच चित्रावर भिस्त ठेवूं नये. निदान तीन घ्यावीं. पहिलें सबंध शेताचें, ज्यांत विहीर, बांधावरचें झाड अशी एखादी न हालणारी खूण यावी. दुसरें एका ओळीचें किंवा संपूर्ण झाडाचें. तिसरें रोगट किंवा मोडलेल्या भागाचें, शेजारीं मोजपट्टी ठेवून. मावा व तुडतुडे बहुधा पानाच्या खालच्या अंगास असतात, म्हणून पान उलटूनही एक चित्र घ्यावें. फार जवळ गेल्यास भिंगास वस्तु स्पष्ट धरितां येत नाहीं. साधारण वीतभर अंतर ठेवावें. चित्र बोटांनीं फुगवून घेतल्यानें बहुधा नवें कांहीं दिसत नाहीं, तेच ठिपके मोठे होतात. त्यापेक्षां दोन पावलें पुढें जावें.

चित्राबरोबर दिवस व वेळ आंत नोंदली जाते, आणि फोनमधील स्थानाची सोय चालू असल्यास जागाही नोंदली जाते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीनें पाठविलेल्या चित्राचा आकार घटतो व ही माहिती गळून पडते. म्हणून मूळ चित्र फोनमध्यें जपून ठेवावें, व पाठवावयाचें तर दस्तऐवज म्हणून पाठवावें. विम्याचे नियम बदलत असतात, तेव्हां त्या त्या हंगामाचें पत्रक अवश्य वाचावें. वेळेवर सूचना देण्याचें काम छायाचित्र करीत नाहीं.

शेवटीं एक विनंति. पेरणीनंतर, फुलोऱ्यांत व कापणीपूर्वीं एकाच जागीं उभें राहून शेताचें एकेक चित्र घेण्याची संवय ठेवावी. हंगाम चांगला गेला तर ती शेताची रोजनिशी होईल. आपत्ति आली तर आधीं पीक कसें होतें हें तीच सांगेल. त्या हरभऱ्याच्या शेतकऱ्याजवळ अशीं तीन चित्रें असतीं, तर आमच्या लेखणीस तो शेरा लिहावा लागला नसता.