अध्यासनावरून पडद्यावर : प्राध्यापक कोंग छिंगदोंग

आधुनिक चिनी साहित्यात लू शुन (१८८१–१९३६) यांचे स्थान इतके मोठे आहे की, त्यांचा अभ्यासक म्हणून नाव मिळवणाऱ्याला लेखणीची धार नेमकी कोणाविरुद्ध वापरायची, हा प्रश्न टाळता येत नाही. बीजिंग विद्यापीठातील चिनी साहित्याचे प्राध्यापक कोंग छिंगदोंग यांची कारकीर्द या प्रश्नाच्या अंगाने पाहिली, तर ती केवळ एका वादग्रस्त वक्त्याची हकिकत राहत नाही.

ईशान्य चीनमधील हार्बिन येथे १९६४ मध्ये जन्मलेले कोंग स्वतःला कन्फ्यूशियसचे त्र्याहत्तराव्या पिढीतील वंशज म्हणवतात. बीजिंग विद्यापीठात त्यांना दोन मोठे गुरू लाभले. छ्यान लीछुन हे लू शुन यांचे मर्मज्ञ भाष्यकार होते, तर यान ज्यायान यांनी १९९५ मध्ये हाँगकाँगचे लेखक जिन योंग यांच्या कादंबऱ्यांवर विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू केला होता. या कादंबऱ्या ‘वूशिया’ प्रकारातल्या, म्हणजे युद्धकलेत निपुण असलेल्या, अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या वीरांच्या साहसकथा असल्यामुळे त्या विद्यापीठात शिकवाव्यात का, यावर तेव्हा बराच खल झाला. कोंग यांनीही डॉक्टरेटसाठी जपानविरोधी युद्धकाळातील लोकप्रिय कादंबऱ्यांचा विषय घेतला आणि अभिजन व बहुजन यांच्या अभिरुचीतील अंतर मिटवण्याचे काम पुढे आपल्या लेखनातून व व्याख्यानांतून चालवले. वसतिगृहातील दिवसांविषयीच्या त्यांच्या खुसखुशीत लेखांना मोठा वाचकवर्ग मिळाला, आणि नामवंत विद्वानांची व्याख्याने सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेणाऱ्या चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकेत त्यांनी लू शुन व जिन योंग हे विषय मांडले. साहित्य लोकांच्या बोलीत आणण्याची ही हातोटी खरोखर दुर्मीळ होती, आणि त्यांच्याविषयीच्या पुढील कटुतेत तिचा विसर पडणे अन्यायाचे ठरेल.

त्यांच्या राजकीय मतांनाही पार्श्वभूमी आहे. १९९० च्या दशकात चीनमध्ये सरकारी कारखान्यांची पुनर्रचना होऊन लक्षावधी कामगार बेकार झाले आणि ईशान्येकडील जुन्या औद्योगिक पट्ट्याला त्याची झळ सर्वाधिक बसली. बाजारपेठी सुधारणांवर टीका करणारे आणि माओकालीन समतेकडे आदराने पाहणारे डावे गट या असंतोषातून बळावले, आणि कोंग त्यांचे ठळक प्रवक्ते झाले. पाश्चात्त्य राजकीय आदर्श मानणारे उदारमतवादी आणि त्यांची वृत्तपत्रे हे त्यांचे मुख्य लक्ष्य राहिले. २०११ मध्ये मुलाखत मागणाऱ्या एका नियतकालिकाच्या पत्रकाराला आपण शिवीगाळ केल्याचे त्यांनी समाजमाध्यमावर स्वतःच जाहीर केले, तेव्हा चर्चा मुद्द्यांवरून शिव्यांकडे वळली.

जानेवारी २०१२ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोत, जेथे खाण्यास मनाई आहे, मुख्य भूमीवरून आलेल्या एका मुलाने खाल्ल्यावरून प्रवाशांत वाद झाला आणि त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. त्यावर आपल्या इंटरनेट कार्यक्रमात बोलताना कोंग यांनी अनेक हाँगकाँगकरांना कुत्रे म्हटले, ते ब्रिटिश साम्राज्यवाद्यांची चाकरी करण्यास सरावलेले असल्याचा आरोप केला आणि पुतोंगहुआ, म्हणजे चीनची प्रमाणभाषा, मुद्दाम न बोलणाऱ्यांना शिव्या दिल्या. हाँगकाँगमध्ये निदर्शने झाली, आणि थोड्याच दिवसांत तेथील काहींनी वर्गणी काढून मुख्य भूमीवरील लोकांना टोळांची उपमा देणारी पानभर जाहिरात वृत्तपत्रात छापली. पर्यटक, प्रसूतीसाठी येणाऱ्या स्त्रिया आणि वाढती घरभाडी यांवरून आधीच साचलेल्या तणावाला दोन्ही बाजूंनी प्राण्यांची नावे मिळाली आणि मूळ प्रश्न मागे पडले.

कोंग यांच्या विधानातील सर्वांत क्लेशदायक बाब अशी की, ज्या जिन योंग यांच्या कादंबऱ्या त्यांनी प्रेमाने शिकवल्या, त्या हाँगकाँगमध्येच लिहिल्या गेल्या. शिवाय फेब्रुवारी १९२७ मध्ये लू शुन यांनी हाँगकाँगमध्ये दोन व्याख्याने दिली, तेव्हा श्रोत्यांना समजावे म्हणून त्यांच्या सहचारिणी शू ग्वांगपिंग यांनी त्यांचे बोलणे तेथील कँटोनीजमध्ये सांगितले होते. मृत भाषा टाकून लोकांनी स्वतःच्या जिवंत आवाजात बोलावे, हा त्या व्याख्यानांतील आग्रह होता. लू शुन यांचेही लेखन जहाल होते आणि विरोधकांना कुत्र्याची उपमा देण्यास तेही कचरले नाहीत, हा कोंग यांच्या समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. मात्र लू शुन यांचा प्रहार बहुधा सत्ताधारी, त्यांचे पाठीराखे आणि आपल्याच समाजाची आत्मवंचना यांच्यावर होता, एखाद्या शहरातील लोकांच्या बोलीवर नव्हता, आणि हा भेद त्यांच्या अभ्यासकाने तरी जपायला हवा होता.

हाँगकाँगविषयीच्या विधानानंतर कोंग यांचे विद्यापीठातील पद कायम राहिले. चोंगछिंगचे पक्षप्रमुख बो शिलाई, ज्यांच्या क्रांतिगीतांच्या मोहिमेचे कोंग चाहते होते, त्यांना मार्च २०१२ मध्ये पदावरून दूर केले गेले आणि कोंग यांनी त्यावर उघड नापसंती व्यक्त केली. त्यानंतर मात्र त्यांचा कार्यक्रम थांबला आणि डाव्या गटांची संकेतस्थळेही बंद करण्यात आली. एका शहराच्या अपमानाकडे कानाडोळा करणारी व्यवस्था पक्षांतर्गत निर्णयावरील टीका सहन करत नाही, हे या क्रमावरून स्पष्ट होते.

पुढचे वाद न्यायालयात गेले. कोंग यांची एक कविता छंदाच्या नियमांत बसत नाही, असे म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याला त्यांनी देशद्रोही कुत्रा म्हटले होते. त्याच्या दाव्यात बीजिंगच्या हायद्यान जिल्हा न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना माफी मागण्याचा आणि मानसिक त्रासापोटी २०० युआन देण्याचा आदेश दिला. एका दूरचित्रवाणी निवेदकाने त्यांची तुलना पशूशी केली म्हणून त्यांनी स्वतः अब्रूनुकसानीचा दावा लावला, तो मात्र फेटाळला गेला. सार्वजनिक जीवनातील व्यक्तीने कठोर टीका सोसली पाहिजे, असे न्यायालयाचे मत पडले.