मनोरुग्णांचे घर

मनोरुग्णालयांच्या दप्तरांत अशी नावे असतात की, ज्यांच्यापुढे 'प्रकृती स्थिर' असा शेरा पडलेला असतो. पण त्यांना न्यावयास कोणी येत नाही. आईवडील निवर्तलेले असतात, भावाच्या संसारात जागा नसते. रोग आटोक्यात येतो. माणूस मात्र तेथेच राहतो.

कुटुंब स्वीकारीत नाही किंवा निवारा नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही रुग्णालयात ठेवू नये, असे २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम १९ सांगते. अशांसाठी समाजातच निवास उभे करण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली आहे. मात्र चार भिंती व छप्पर म्हणजे निवास नव्हे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही. २८ जणांचा अंत झाला. तोही एक निवासच होता!

मग चांगला निवास ओळखावा कसा? जॉन विंग व जॉर्ज ब्राउन यांनी इंग्लंडमधील तीन रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची दीर्घकाळ पाहणी केली. काहीही न करता बसून राहण्याचा वेळ ज्यांचा घटला, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली, असे त्यांच्या १९७० सालच्या ग्रंथात नमूद आहे.

याचा अर्थ रुग्णांना कामास जुंपावे असा नव्हे. सेवकवर्गाची कसोटी येथेच लागते. अंथरूण आवरून देणे, आयता चहा देणे, पैसे आपल्याजवळ ठेवणे हे सोपे असते, शिवाय दयाळूपणाचेही वाटते. वीस वर्षे घंटेच्या ठोक्यावर जेवलेल्या बाईला 'आज भाजी कोणती आणायची?' असे विचारले, तर ती प्रथम गप्पच राहील. तेव्हा थांबावे; तिच्या वतीने उत्तर देऊ नये. पुढे भात करपेल, सुट्या पैशांचा हिशेब चुकेल. त्याने काही बिघडत नाही. औषधांत मात्र हयगय नको. झोप उडाली, माणूस अबोल झाला, की डॉक्टरांना वेळीच कळवावे.

चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेने २०१५ पासून असे चार-पाच जण एकत्र राहतील अशी भाड्याची घरे सामान्य वस्तीत घेतली. सोबतीला मदतनीस असतात. बाजार, देऊळ, शेजार सारे हाताशी असते. अशा घरावर संस्थेची पाटी नसलेली बरी, आणि दाराची एक किल्ली तेथे राहणाऱ्यांच्या हाती असावी.