शजरा, दफ्तर आणि डी. एन. ए.

तुमच्या दादांच्या वडिलांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे का? आणि त्यांच्या वडिलांचे? आता जरा अवघड प्रश्न विचारते. तुमच्या नानीच्या आईचे नाव काय होते?

नाशिक रोडच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गात मी हे प्रश्न विचारले होते. पहिल्या प्रश्नाला बरेच हात वर आले. दुसऱ्याला पाच-सहाच आले. तिसऱ्याला एकही हात वर झाला नाही.

यात मुलांचा काही दोष नव्हता. नाशिक रोड ही वस्तीच मुळी बाहेरून आलेल्या माणसांची. आधी रेल्वे आली. मग १९२५ च्या सुमारास सरकारी मुद्रणालय उभे राहिले आणि १९२८ साली नोटा छापणारे मुद्रणालय आले. (आपण दोन्हींना नुसते 'प्रेस' म्हणतो.) कामाच्या शोधात कोणी खानदेशातून आले, कोणी मराठवाड्यातून, कोणी थेट उत्तर प्रदेशातून. गाव सोडताना माणूस भांडीकुंडी सोबत घेतो, पण जुने कागद मागे राहतात.

त्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "टीचर, मोबाइलवर जाहिरात येते. नळीत थुंकी भरून पाठवली की खानदान कुठून आले ते सांगतात म्हणे. हे खरे आहे का?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर 'हो' असेही आहे आणि 'नाही' असेही. म्हणून ते सविस्तर पाहू या.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पेशीच्या केंद्रकात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. ती डी. एन. ए. ची बनलेली असतात. डी. एन. ए. म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेला एक लांबच लांब मजकूर समजा. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. कोणत्याही दोन माणसांचा हा मजकूर ९९ टक्क्यांहून अधिक सारखा असतो. फरक असतो तो थोड्या जागी. प्रयोगशाळेत थुंकीतल्या पेशींमधून अशा सहा-सात लाख जागा वाचतात आणि दुसऱ्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. अक्षरांचे लांब तुकडे जुळले की ते दोघे नातेवाईक असावेत, असे म्हणता येते. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डी. एन. ए. सामाईक असतो. नाते जितके दूरचे, तितके तुकडे लहान होत जातात.

आता एक गणित करा. तुम्हांला आईवडील दोन, त्यांचे आईवडील चार, त्यांचे आठ. असे दुप्पट करीत दहा पिढ्या मागे गेलात की पूर्वजांच्या १०२४ जागा भरतात. यांपैकी पुष्कळांचा एकही तुकडा तुमच्या शरीरात उरलेला नसतो. कारण प्रत्येक पिढीत आईचा अर्धा आणि बापाचा अर्धाच डी. एन. ए. पुढे जातो, बाकीचा गळतो. ते पूर्वज तुमचेच असतात, पण तपासणीत त्यांचा पत्ता लागत नाही.

दोन वाटा मात्र सरळ जातात. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे असे जाते. आपल्या घरांत जो शजरा लिहितात, तो याच वाटेने चालतो: अमुक याचा मुलगा तमुक. दुसरी वाट आईची आहे. पेशीत तंतुकणिका नावाचे लहान भाग असतात. त्यांचा स्वतःचा थोडासा डी. एन. ए. असतो आणि तो फक्त आईकडून मिळतो. तुमच्या अम्मीला तो नानीकडून मिळाला, नानीला तिच्या आईकडून. ज्या नानीच्या आईचे नाव वर्गात कोणालाच सांगता आले नाही, तिची ही खूण वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या शरीरात होती! शजऱ्यात ती नव्हती, एवढेच.

पण लक्षात घ्या, १०२४ पूर्वजांपैकी या दोन वाटा दोघांचीच हकिकत सांगतात. कोणी म्हणाले, "माझे वाय गुणसूत्र अमक्या देशातले आहे, म्हणून मी तिकडचा," तर त्याने उरलेल्या १०२२ जणांना विचारलेलेच नसते.

आपल्या महाराष्ट्रातच या विद्येचे एक फार चांगले उदाहरण आहे. कोकणात, रायगड जिल्ह्यात बेने इस्रायल नावाचा यहुदी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. त्यांची घरची भाषा मराठी. आडनावे गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर. तेल गाळण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्यात परंपरेने एक गोष्ट सांगतात. फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. हा समाज त्यांचा वंश आहे. अठराव्या शतकाआधीचा लेखी पुरावा जवळजवळ नाही. १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले.

ही गोष्ट खरी की कल्पित? २०१६ साली शास्त्रज्ञांनी या समाजातील १८ जणांच्या डी. एन. ए. चा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी तो भारतातील, पाकिस्तानातील आणि निरनिराळ्या देशांतील यहुदी समाजांशी ताडून पाहिला. तेव्हा असे दिसले की, या लोकांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर आहेत. हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे गेल्या हजारेक वर्षांत झाले. आणखी एक गोष्ट कळली. यहुदी वारसा पुरुषांकडून अधिक आला आणि भारतीय वारसा स्त्रियांकडून अधिक आला.

म्हणजे दूरदेशाशी नाते असल्याची जी आठवण आजी नातवंडांना सांगत आली, ती पोकळ नव्हती. पण जहाज फुटले होते का? वाचलेली जोडपी सातच होती का? हे डी. एन. ए. सांगत नाही. आणि ज्या कोकणी स्त्रिया या घरांत आल्या, त्यांची गोष्ट मात्र कोणी सांगत नव्हते. ती तपासणीने उजेडात आणली. मला या अभ्यासातला हाच भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो.

आपल्याही घरांत "आम्ही अरबस्तानातून आलो", "आम्ही इराणचे" असे सांगणारे वडीलधारे असतात. २०१० साली भारतातील सहा मुस्लीम समाजांचा असाच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेकांचा मुख्य वारसा आसपासच्या मुस्लीमेतर लोकांशी जुळला. अरबस्तान, पश्चिम आशिया आणि आफ्रिका यांच्या खुणाही सापडल्या, पण थोड्या प्रमाणात. ज्या गल्लीत आपण राहतो, तिच्यातल्या शेजाऱ्यांचे आणि आपले पणजोबा एकाच मातीतले निघाले, तर त्यात वाईट वाटण्यासारखे काय आहे?

मग तुम्ही ही तपासणी करावी का? माझे मत विचाराल तर घाई करू नका. बहुतेक कंपन्या १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही स्वतःहून नमुना देऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तुमचा डी. एन. ए. तुमच्या एकट्याचा नसतो. त्यात तुमच्या भावाची, बहिणीची, चाचांची माहिती असते. त्यांना न विचारता ती परक्याच्या हाती जाते. अमेरिकेतील '२३अँडमी' या प्रसिद्ध कंपनीतून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, डी. एन. ए. बदलता येत नाही. शिवाय या कंपन्या जे टक्के सांगतात, ते त्यांच्याजवळच्या नमुन्यांवरून काढलेले अंदाज असतात. एकाच माणसाला दोन कंपन्या दोन उत्तरे देतात.

संगणकावरची दुसरी साधने यापेक्षा निरुपद्रवी आहेत. ती कागद शोधून देतात. अमेरिकेतील युटा राज्यात १८९४ साली वंशावळी गोळा करणारी एक संस्था निघाली. तिचे आजचे नाव 'फॅमिलीसर्च'. जगभरच्या दफ्तरांची चित्रे घेतलेली २४ लाख फिल्मची रिळे तिने २०२१ पर्यंत संगणकावर आणली. तिचे संकेतस्थळ फुकट पाहता येते. त्यात भारतातील काही तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्याही आहेत. तुम्ही कधी नाशिकला गोदाघाटावर किंवा त्र्यंबकेश्वरला गेलात, तर तेथील उपाध्यायांच्या घरी अशा वह्या पाहायला मिळतील. यात्रेकरू येतो, गाव सांगतो, आणि त्याच्या पणजोबाने स्वतःच्या हाताने लिहिलेला लेख त्याच्यापुढे उघडला जातो. संगणक येण्याआधी कितीतरी वर्षे हे काम आपल्या शेजारी चालत आले आहे.

मुसलमान घरांची नावे या वह्यांत नसतात. आपला शोध वेगळ्या दफ्तरांत घ्यावा लागतो: शाळेचे जनरल रजिस्टर, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे फेरफार आणि काझींकडचे निकाहाचे रजिस्टर. शेतजमिनीचा सातबारा 'महाभूलेख'वर दिसतो. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आले आहेत. निकाहाची रजिस्टरे मात्र बहुतेक ठिकाणी अजून कपाटातच आहेत. शजऱ्यात न सापडणारी मुलीची आणि तिच्या वडिलांची नावे याच रजिस्टरात असतात.

शोधताना एक अडचण हमखास येते. आमच्याच घरी माझ्या पणजोबांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिले आहे. एकावर नावाआधी 'शेख', दुसऱ्यावर नावानंतर 'शेख', तिसऱ्यावर 'शेख' नाहीच. माणसाला कळते की हा एकच गृहस्थ आहे. संगणकाला तिघे वाटतात. म्हणून नाव प्रत्येक तऱ्हेने लिहून शोधावे.

या कामात तुमच्याजवळ एक साधन असे आहे, जे पुष्कळ मराठी मुलांजवळ नाही. आपल्या येवल्याच्या पलीकडे वैजापूर लागते. तिथून पुढे मराठवाडा. १९४८ पर्यंत तो निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, आणि तिथले महसुलाचे दफ्तर उर्दूत लिहिले जाई. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हा कचेऱ्यांतून जुन्या कागदांचे गठ्ठे बाहेर निघाले. काही मोडी लिपीत होते, काही उर्दूत, आणि ते वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. मराठवाड्यातील कितीतरी मराठी शेतकऱ्यांच्या पणजोबांची नावे अशा लिपीत लिहिलेली आहेत, जी त्यांच्या पणतवंडांना वाचता येत नाही. तुम्हांला येते.

उलट, आपल्या भागातले जुने कागद मोडीत असतात. ते आपल्याला लागत नाहीत. पण त्यांतले शब्द ऐकले की तुम्हांला नवल वाटेल. दफ्तर, नक्कल, तारीख, दाखला, वारस हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. जुन्या मराठी कागदांत अमक्याचा मुलगा म्हणायला 'बिन' किंवा 'वलद' लिहीत, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा असो. आणि अमक्याची बायको म्हणायला 'कोम' लिहीत.

हा 'कोम' शब्द मला कसा कळला ते सांगते. माझी दादी मला लहानपणी तिच्या सासूबद्दल पुष्कळ सांगायची. त्यांना घरात सगळे 'बडी माँ' म्हणत. मी ऐकायचे आणि विसरायचे. बी. एड. झाल्यावर हा नाद लागला आणि मी वही-पेन घेऊन दादीजवळ बसले. तोवर तिची आठवण गेली होती. ती मलाच विचारायची, "बेटी, तू कोणाची?" बडी माँचे खरे नाव विचारले तर नुसती हसायची. त्याच हिवाळ्यात ती गेली.

नंतर पेटीच्या तळाशी एक मोडी कागद निघाला. घरात कोणालाच तो वाचता येईना. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी तो घेऊन गेले. देवळालीगावातल्या एका छोट्या जागेचे ते खरेदीखत होते. शेवटी डाव्या अंगठ्याचे दोन ठसे होते. एकाशेजारी पणजोबांचे नाव होते. दुसऱ्यावर बोट ठेवून ते गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "हे पाहा, इथे 'कोम' आहे. म्हणजे ही त्यांची बायको." त्या शब्दाच्या आधी तिचे नाव होते. मी ते वहीत उतरवून घेतले, आणि घरी येऊन शजऱ्यात पणजोबांच्या शेजारी लिहिले.