सीतेची वेणी

बालमित्रांनो, मे महिन्याच्या सुट्टीत कोकणात मामाच्या गावाला गेलात, तर झाडावरचे आंबे मोजताना जरा फांद्यांकडेही बघा बरं का! जुन्या आंब्याच्या नाहीतर फणसाच्या अंगावर पट्ट्यासारख्या जाड पानांचा झुपका दिसेल. मेअखेर, जूनच्या सुरुवातीला त्यातून शेपटीसारखा फुलांचा घोस खाली लोंबतो. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि एकेका घोसात कधी कधी शंभराच्या वर फुलं!

हीच सीतेची वेणी. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रज्ञ तिला ‘रिंकोस्टायलिस रेट्युसा’ म्हणतात. म्हणताना जीभ अडखळते, तेव्हा आपलं मराठी नावच बरं. आसामात तिला ‘कपौ फूल’ म्हणतात आणि बिहू नाचणाऱ्या मुली ती खरोखरच केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश या दोन्ही राज्यांचं हे राज्यफूल आहे.

आपल्याकडे मात्र तिच्या वाट्याला पुष्कळदा कोयता येतो. “बांडगूळ आहे ते, काढून टाक!” असं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं आणि कित्येक वर्षं वाढलेलं रोप खाली पडतं. (आईबाबांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे.) बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचा रस पितं. सीतेची वेणी सालीला नुसती धरून बसते. बिनभाड्याची भाडेकरू म्हणा हवं तर! अन्न ती स्वतःच्या पानांत तयार करते. पाणी पावसाचं आणि धुक्याचं, क्षार सालीवर साठलेल्या धुळीतले, कुजक्या पाल्यातले. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात.

तिची मुळं बघण्यासारखी असतात. करंगळीएवढी जाड, वरून स्पंजासारखं आवरण. कोरडी असताना ती रुपेरी-पांढरी दिसतात. पाणी शिंपडा, बघता बघता हिरवी होतात!

बी मात्र धुळीसारखं बारीक. आंब्याच्या कोयीत रोपासाठी शिदोरी असते, हिच्या बीत काहीच नसतं. जंगलात एक विशिष्ट बुरशी त्या बीला अन्न पुरवते, तेव्हाच ते रुजतं. म्हणून लाखो बिया उडाल्या तरी रोपं थोडीच. १९२२ साली लुईस नडसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर आमरीचं बी बुरशीशिवायही रुजतं. तेव्हापासून प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये आमरीची रोपं तयार होऊ लागली.

तेव्हा घरी लावायची तर रोपवाटिकेतलं असं रोप आणा. जंगलातलं उपटू नका. राखीव जंगलातून रोप काढणं हा गुन्हाही आहे. हां, वादळात स्वतःच्या परसातली फांदी मोडून पडली आणि तिच्यावर वेणी असेल, तर ती जरूर वाचवा. जमिनीवर पडून राहिली की कुजतेच.

कुंडीत माती घालून लावाल तर रोप गेलंच म्हणून समजा! मुळांना हवा लागते. पावसाळ्याच्या तोंडाला खरखरीत सालीच्या आंब्यावर रोप ठेवा आणि काथ्याने घट्ट बांधा. हललं तर मुळं धरत नाहीत. पेरू नको, त्याची साल सुटून पडते. झाड नसेल तर लाकडी फळकुट चालेल, किंवा लाकडी पट्ट्यांची टोपली घेऊन तिच्यात कोळसा आणि विटांचे तुकडे भरा. सकाळचं कोवळं ऊन हवं, दुपारचं रणरणतं नको. उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी शिंपडा, थंडीत कमी, पावसात अजिबात नाही. पानांच्या बेचक्यात पाणी साचू देऊ नका.

लहान रोपाला फुलं यायला काही वर्षं लागतात. पण मुळांना नवी हिरवी टोकं फुटली, की रोप लागलं असं समजा. काथ्या मात्र मुळांनी साल पक्की धरल्यावरच सोडा.