उतारवयाचा स्वर

गवयाने थांबावे केव्हा, हा प्रश्न मैफल सुटल्यावर चपला शोधताना हमखास निघतो. 'आता ते राहिले नाही', 'आम्ही त्यांना उमेदीत ऐकले आहे' असे म्हणण्यात रसिकतेची एक प्रतिष्ठा आहे, आणि ती आम्हीही पुष्कळ वर्षे मिरविली. गेल्या चातुर्मासात मात्र अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने काही ध्वनिमुद्रणे पाठविली. ती ऐकल्यापासून ही प्रतिष्ठा आम्हांस जड वाटू लागली आहे.

त्यांतील एक गायिका आल्बर्टा हंटर. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या सुखदुःखातून जन्मलेला 'ब्लूज' हा गीतप्रकार आणि त्याच घरचा 'जाझ', या दोहोंत वावरलेली ही जुनी बाई. जन्म १८९५ चा. आई गेल्यावर तिने भर लौकिकात गाणे सोडले, परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि सुमारे वीस वर्षे न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात रुग्णसेवा केली. सत्तरी गाठली असे समजून १९७७ साली रुग्णालयाने तिला निवृत्त केले, तेव्हा बाईंचे खरे वय होते ब्याऐंशी! (दाखलखारिज रजिस्टरातील जन्मतारखांशी ज्यांचा उभा जन्म गेला, त्या आमच्यासारख्यांस हे वाचून हसू आल्यावाचून राहिले नाही.) त्याच वर्षी ती पुन्हा गाऊ लागली, आणि १९८४ मध्ये देहावसान होईपर्यंत तिच्या नव्या ध्वनिमुद्रिका निघत राहिल्या. आवाज खरखरीत आहे, वरच्या पट्टीत तो जात नाही. पण प्रत्येक शब्द असा पडतो की जणू तो आयुष्यभर तोलून ठेवलेला होता.

दुसरा मिसिसिपी प्रांतातील जॉन हर्ट. १९२८ साली याची थोडी गाणी मुद्रित झाली, फारशी खपली नाहीत, आणि हा आपला शेतीच्या कामाला परत गेला. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच्याच एका गाण्यात आलेल्या गावाच्या नावावरून काही तरुण चाहत्यांनी त्याला शोधून काढले. तेव्हा तो सत्तरीत होता. पुढे १९६६ साली तो वारला. पण या तीन वर्षांत त्याचे जितके गाणे मुद्रित झाले, तितके उभ्या तारुण्यात झाले नव्हते.

हे ऐकत असताना आमचे मन सारखे धारवाड-हुबळीकडे धावत होते. गंगूबाई हनगल यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९३२ च्या सुमाराच्या. त्यांवर नाव आहे 'गांधारी'. आवाज बारीक, उंच, लाडिक. पुढे घशाचा विकार झाला, उपचार झाले आणि तो आवाज कायमचा खाली उतरला, इतका की अनोळखी माणसाने पुरुषाचा समजावा. पहिल्या तबकडीच्या मापाने मोजले तर त्यांचा आवाज तेव्हाच 'गेला' होता. वस्तुतः ज्या गंगूबाईंना आपण ओळखतो, त्या त्यानंतरच्या. नव्वदी ओलांडल्यावरही त्या गायल्या, आणि २००९ मध्ये शहाण्णवाव्या वर्षी निवर्तल्या.

मल्लिकार्जुन मन्सूर यांची कथा वेगळी. त्यांचा गळा बदलला नाही. कीर्तीच उशिरा आली. तिसऱ्या-चौथ्या दशकांतील तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. जयपूर घराण्याचा अनवट राग तीन मिनिटांत मांडणे म्हणजे गंगालयातील पाणी पळीने दाखविणे. दीर्घ वादनाची तबकडी, जिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळतात, ती आपल्या देशात रुळली तोपर्यंत या पिढीने पन्नाशी गाठलेली होती. म्हणजे आपण ज्याला 'उमेदीतला गळा' आणि 'उतारवयातला गळा' म्हणून तोलतो, त्यांतील फरक बराचसा भांड्याचा असतो, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. अण्णांचे साठी-सत्तरीतील गायन ऐकावे: दमसास तोच, आणि उगाच काही सिद्ध करण्याची घाई नाही. आमच्या मध्यप्रदेश शासनाने 'कालिदास सन्मान' सुरू केला, तेव्हाच्या पहिल्या मानकऱ्यांत ते होते. १९९२ मध्ये ते गेले.

वार्धक्यातील प्रत्येक ध्वनिमुद्रण श्रेष्ठ असते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. नुसत्या नावावर विकलेली, न काढली असती तर बरे झाले असते अशी मुद्रणेही आमच्या संग्रहात आहेत. ज्याला साठीनंतरही तिशीतल्याच ताना घ्यायच्या असतात, त्याचे हाल ऐकवत नाहीत. ज्याने गळ्याची नवी हद्द ओळखली, तो त्या हद्दीतच घर बांधतो. देवासला कुमारजींनी क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांनिशी, आणि तेही भर तारुण्यात, काय उभे केले, हे माळव्यातील वाचकांस आम्ही वेगळे काय सांगावे?

इंदूरकरांच्या मनात एक सल आहेच. आपल्या मुंबई बाजारात वाढलेले उस्ताद अमीर खाँ १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास मोटार अपघातात गेले. वय अवघे एकसष्ट. मारवा आणि दरबारीची त्यांची ती तबकडी घरोघर वाजते. खासगी मैफलींच्या फितीही पुढे बाहेर आल्या. पण पंचाहत्तरीतला त्यांचा मारवा कसा असता, हे कोणत्याही फितीत सापडणार नाही.

तिथे दैव आडवे आले. आमच्या घरी मात्र आम्हीच आडवे आलो. रामबागेतील आमचे चुलत आजोबा, ज्यांना सारा वाडा आबा म्हणे, गणेशोत्सवात नाट्यपदे गात. १९८९ साली, महाविद्यालयात असताना, शिकवणीच्या पैशांतून आम्ही टेपरेकॉर्डर घेतला. आबा तेव्हा एकोणऐंशीचे. तंबोरा जुळवून ते तीन संध्याकाळी बसले, आणि तिन्ही वेळा आम्ही म्हणालो, "आबा, आवाज जरा बसलाय, बरा झाला की घेऊ." तिसऱ्या वेळी त्यांनी तंबोऱ्याला गवसणी घातली आणि म्हणाले, "अरे, हा बसलेला नाही, हाच आहे आता." त्या हिवाळ्यात ते गेले. आमच्याजवळ त्यांची एक फीत आहे, एका लग्नातली, पन्नाशीची. त्यात आवाज सुरेल आहे, पंगतीचा कलकलाटही आहे. पण आम्हांस सूर म्हणजे काय हे ज्या गळ्याने शिकविले, तो तो नव्हे.

आमच्या गल्लीत चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक काकू आहेत. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्याने येतात. मागील तीन रविवार आम्ही मोबाइल घेऊन त्यांच्याकडे जात आहो. पहिल्या दिवशी आम्ही सवयीने म्हणालो, "काकू, आवाज बरा आहे ना आज?" त्या म्हणाल्या, "आवाजाचं मी बघते, गुरुजी. तुम्ही ते दार लोटा, बाहेर रिक्षा फार वाजतात."